पाठीची ओळख

त्या बुधवारी दुपारपर्यंत वृषाली बंडगरने अकरा पाठी तपासल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाही माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं.

पहिली पाठ एका शिंप्याची असावी. मान आणि खांदे पुढे झुकलेले, उजव्या खांद्याजवळ सुपारीसारखी कडक गाठ. तिसरी पाठ नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची होती. तिचं दुखणं कंबरेत नव्हतंच, ते कुल्ल्याच्या सांध्यात होतं. आठवा एक तरुण होता. सकाळी उठला की पाठ लाकडासारखी ताठ व्हायची आणि काम करायला लागलं की मोकळी व्हायची. त्याचं रक्त तपासायला हवं असं वृषालीने लिहून दिलं. विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं हे बहुधा आतल्या सुजेचं असतं.

हे सगळं ती पुण्यात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून करत होती. तिच्या हातांत कोपरापर्यंत येणारे राखाडी हातमोजे होते. रुग्ण दीडशे, तीनशे, पाचशे किलोमीटरवरच्या उपकेंद्रात असायचे. तिथे तपासणीच्या टेबलाशेजारी दोन यांत्रिक हात असत. लोक त्यांना सरळ 'पंजा' म्हणत. पंजाच्या कातडीत दाब, ऊब आणि ओल ओळखणारे हजारो बारीक कण होते. त्यांना जे लागेल ते पापणी लवायच्या आत पुण्यात पोचायचं. हातमोज्याच्या अस्तरात मोहरीहून लहान पाण्याचे फुगे होते, ते त्याबरहुकूम फुगायचे, आकसायचे, गरम-गार व्हायचे. वृषालीने बोट दाबलं की तिकडे पंजा दाबायचा, आणि पंजाखालचा स्नायू तिच्या बोटाखाली थरथरायचा. या सगळ्या व्यवस्थेचं सरकारी नाव 'दूरस्पर्श'.

मणक्यांचे फोटो काढायची यंत्रं तालुक्या-तालुक्याला झाल्यावर हातांची गरज उरणार नाही, असं एके काळी सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. फोटोत मणके दिसतात, दुखणं दिसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या शंभर धडधाकट माणसांचे फोटो काढले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या किंवा फुगलेल्या निघतात. कुणाची गादी खरोखर शिरेवर बसली आहे आणि कुणाची नुसती म्हातारी झाली आहे, हे माणसाला उभं करून, चालवून, वाकवून आणि चाचपूनच कळतं. तसे चाचपणारे हात गावोगावी नव्हते, म्हणून ते तारेवरून पाठवायची सोय झाली.

या व्यवस्थेत एक नियम मात्र कडक होता. रुग्णाचा चेहरा पडद्यावर करड्या धुरासारखा दिसायचा, त्याचा आवाज बदललेला यायचा, आणि तपासणाऱ्याचा आवाजही रुग्णाला बदललेलाच ऐकू जायचा. त्याला कारण होतं. दूरस्पर्शात प्रत्येक स्पर्शाची नोंद राहते. पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी कुणीतरी चाळल्या, तेव्हा दिसलं की पडद्यावर आडनाव आलं की हात बदलतात. काही आडनावांच्या पाठीवर हात दहा मिनिटं फिरायचे, काहींच्या पाठीवर तीन मिनिटं, तेही सदऱ्यावरून. त्यानंतर नावं झाकली गेली. वृषालीला हा नियम मनापासून पटला होता. सहा वर्षांत तिने हजारो पाठींना हात लावला होता आणि तिच्या हाताने त्यांच्यात भेद केला नव्हता.

बारावा रुग्ण सव्वाबाराला आला.

"नमस्कार मॅडम," उपकेंद्रातली आरोग्यसेविका म्हणाली. ही शकिला मुल्ला. सेविकांचा चेहरा आणि आवाज झाकलेला नसे. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याशा माळावरच्या या केंद्राशी वृषालीचं दोन वर्षांपासून काम होतं आणि शकिलाताईंच्या नजरेवर तिचा विश्वास होता. "पुरुष, वय पन्नास. पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम. वर चढायला फिटनेसचं सर्टिफिकेट पाहिजे म्हणतात."

"काय होतंय तुम्हाला?" वृषालीने विचारलं.

"काय न्हाई ओ," करडा धूर म्हणाला. आवाज ना पुरुषाचा ना बाईचा, नुसता सपाट. शब्द मात्र ज्याचे त्याचेच राहायचे. "रविवारी अवजाराची पेटी उचलली, तवा कंबर धरलीया जरा. परवा नवीन पाती बसवायची हायती. तेवढा कागद दिला म्हंजी झालं."

बोलणं आपल्याच भागातलं आहे, हे वृषालीच्या लक्षात आलं. पण त्या बोलीची लाखो माणसं होती. तिने त्याला सदरा काढून पाठमोरं उभं राहायला सांगितलं.

माणूस पाठमोरा उभा राहिला की निम्मं दुखणं दिसतं. याचं धड कंबरेपासून डावीकडे सरकलं होतं, वाऱ्याने कललेल्या झाडासारखं. उजव्या बाजूला हात आणि कंबर यांच्यामध्ये मोठी फट होती, डावीकडे अजिबात नव्हती. कंबरेत आतल्या बाजूला जो बाक असतो, तो सपाट झाला होता. पुढे वाकायला सांगितलं तर बोटं मांडीच्या मध्यावर अडली.

"टाचांवर चाला चार पावलं." तो कसाबसा चालला. "आता चवड्यांवर."

त्याने टाचा उचलल्या आणि त्या लगेच खाली आपटल्या. पुन्हा उचलल्या. पुन्हा आपटल्या. दोन्ही.

वृषाली खुर्चीत पुढे सरकली. एका पायात कळ येणं, एक पाय अशक्त होणं रोजचं असतं. दोन्ही पाय एकदम म्हणजे गोष्ट वेगळी.

"पालथे झोपा."

तिने हात मानेपाशी ठेवले आणि मणक्या-मणक्यावरून खाली आणू लागली. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली बोटाला एक खोलगट जुना व्रण लागला. बोट पुढे गेलं. कंबरेच्या जरा वर, कण्याच्या उजवीकडे, कातडीखाली मऊसर, आवळ्याएवढी, बोटाखालून निसटणारी गाठ होती. चरबीची, निरुपद्रवी.

वृषालीचा हात तिथे थांबला.

असली गाठ आप्पांना, तिच्या वडलांना होती. नेमकी तिथेच. लहानपणी आप्पांची पाठ चोळताना ती गाठ इकडून तिकडे पळवायचा तिचा खेळ असे. असल्या गाठी घराण्यात उतरतात. आणि तो फऱ्याखालचा व्रण मेंढरांच्या वाड्याच्या लोखंडी काट्याचा होता. तिचा थोरला भाऊ सात वर्षांच्या तिला पोटाशी धरून कुंपणावरून उतरत होता. पाय घसरला. तिला खरचटलंसुद्धा नाही, कारण तो मुद्दाम आपल्या पाठीवर पडला होता.

घड्याळात तपासणीचं नववं मिनिट चालू होतं. टेबलावर पालथा पडलेला माणूस बिरुदेव बंडगर होता. बिरूदादा. अकरा वर्षं त्या दोघांत एक शब्दही झाला नव्हता.

बारा वर्षांपूर्वी आप्पांची पाठ दुखायला लागली होती. वृषाली तेव्हा पुण्यात, सातव्या महिन्याची गरोदर. तिने फोनवरच आप्पांना पाहिलं, बिरूला प्रश्न विचारले, आणि स्नायूचं दुखणं आहे, शेक घ्या, असं सांगितलं. ती मणक्याची क्षयाची गाठ होती. महिन्याभराने पुवाने मज्जारज्जू दाबला आणि आप्पांचे पाय गेले. आठ महिन्यांनी आप्पाही गेले. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर बिरू म्हणाला होता, "एकदा येऊन हात लावून बघितला असतास, तर कळलं असतं." तान्ह्या पोरीला घेऊन ती पुण्याला परतली. दूरस्पर्शची जाहिरात आली तेव्हा पहिल्या दिवशी अर्ज करणाऱ्यांत ती होती.

नियम स्पष्ट होता. रुग्णाची ओळख पटली, तर तपासणाऱ्याने हात काढून घ्यायचे आणि रुग्ण दुसऱ्याकडे सोपवायचा. वृषालीने कोपऱ्यातल्या फलकाकडे पाहिलं. दुसरा तपासणारा मोकळा व्हायला एक तास पन्नास मिनिटं होती. तेवढा वेळ हा माणूस थांबला असता? कागद मिळत नाही म्हटल्यावर मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला असता.

तिने हात काढले नाहीत.

"उताणे व्हा," ती म्हणाली. आवाज बदललेला जातो याचं तिला बरं वाटलं.

उताणा झोपवून तिने त्याचा डावा पाय गुडघ्यात न वाकवता उचलला. वीतभर उचलला तोच त्याने दात आवळले. उजवा उचलला तर कळ डाव्या पायातही उतरली. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडाला. टाचेच्या वरच्या शिरेवर मारली, तर दोन्ही पावलं मेल्यासारखी पडून राहिली.

"लघवीला साफ होतं?"

"व्हतंय की."

शकिलाताई मध्येच म्हणाल्या, "मॅडम, सकाळी आल्यापासनं तीनदा जाऊन आले. दर बारीला दहा-दहा मिनिटं."

"तुमाला काय करायचंय?" धूर शकिलाताईंवर खेकसला.

वृषालीने पंजा त्याच्या ओटीपोटावर टेकवला. बेंबीच्या खाली चार बोटांवर तिला एक टणक, गोल, ताणलेला काठ लागला. मूत्राशय तुडुंब भरलं होतं. इतकं भरल्यावर माणूस कळवळायला हवा. हा शांत होता, याचा अर्थ त्याला ते कळतच नव्हतं.

"आता डोळे मिटा. मी टाचणी टोचेन. टोचल्यासारखं वाटलं की 'कळतंय' म्हणा."

शकिलाताईंनी चादर नीट केली. पंजाच्या बोटात बोथट टाचणी होती. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं. "कळतंय." गुडघ्यावर. "कळतंय." मग वृषाली आतल्या बाजूला वळली. घोड्यावर बसलं की खोगीर जिथे जिथे टेकतं, तेवढ्या जागेला ज्या नसा जातात त्याच लघवी-संडासही सांभाळतात. मांडीच्या आत टोचलं. "कळतंय." त्याच्याही वर. "कळतंय." उत्तर येत होतं, पण दर वेळी क्षणभर उशिरा, अंदाजाने.

वृषालीने पंजा वीतभर वर उचलला आणि हवेत धरून ठेवला.

"आणि आता?"

"कळतंय," करडा धूर म्हणाला.

शकिलाताईंनी मान खाली घातली.

"उठून बसा," वृषाली म्हणाली. "कागद मिळणार नाही. तुमच्या कंबरेतली एक गादी फुटून मागे आली आहे. पाठीच्या शेवटी नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तो पुरा दबला आहे. आज मिरजेला जाऊन ऑपरेशन करून घ्यायचं. आजच. यात तास मोजायचे असतात. उशीर झाला, तर लघवीवरचा ताबा जाईल तो कायमचा. पायसुद्धा जातील."

"मिरजेला बिरजेला काय जायचं न्हाई. घरात इचारतो आन उद्या सांगतो."

"उद्या उशीर होईल."

तो सदरा अंगात चढवत बसला. मग एकाएकी थांबला.

"डॉक्टर, तुमी कोण ते मला म्हाईत न्हाई आन मी कोण ते तुमाला म्हाईत न्हाई. म्हणून सांगतो. माझ्या बापाची पाठ अशीच धरली हुती. त्येला दवाखान्यात नेला, मणक्यात सुया घातल्या, आन माणूस हातरुणात सडून मेला. आठ म्हैनं. त्येचं सगळं मी केलंय. माझं कोण करायचं?"

"तुमच्या वडलांचं दुखणं वेगळं असेल," वृषाली कशीबशी म्हणाली.

"आसंल. त्ये येळंला कळलं असतं तर बरंबी झालं असतं, आसं म्हणाले सगळे. माझी भन तुमच्यातलीच हाय, पाठीचीच डॉक्टर. फोनवरनं बघितलं तिनं. धा गोष्टी इचारल्या. संध्याकाळचा ताप येतो का, वजन उतरलंय का, रातचं दुखून जाग येती का. समदं हुतं ओ. ताप हुता, हाडं वर आली हुती. पर आप्पा समोर बसून हातानं खुणवत हुते, न्हाई म्हण, न्हाई म्हण. तिला सातवा म्हैना. ऐकलं तर तशीच धावत यील, म्हणून. मी न्हाई म्हणलं. समद्याला न्हाई म्हणलं."

वृषालीने हातमोज्यांतल्या मुठी नकळत आवळल्या. तिकडे पंजाचीही बोटं मिटली, कारण ती जे करील ते पंजा करायचा. शकिलाताई त्या बोटांकडे बघत राहिल्या.

"हे तुम्ही तिला सांगितलं?"

"कुठल्या तोंडानं? दहाव्याला चार लोकांत तिलाच बोललो. आप्पाला मी मारला आसं माझं मला वाटत हुतं, त्ये तिच्या अंगावर टाकून मोकळा झालो. मोकळा कुठला व्हतोय."

फलकावरचं घड्याळ सव्विसाव्या मिनिटात गेलं.

"आणि आज माझ्याशीही तेच केलंत," वृषाली म्हणाली. "मी विचारलं, तुम्ही 'कळतंय' म्हणालात. शेवटी हात तुमच्या अंगाला लागलेला नव्हता. वर हवेत होता."

"घरात इचारतो," तो पुन्हा पुटपुटला, पण आता त्यात जोर नव्हता. तो टेबलावरून उतरायला लागला. उतरताना त्याचा उजवा पाय दुमडला आणि शकिलाताईंनी त्याला बगलेत धरला.

वृषालीच्या टेबलाखाली लाल झाकणाचं एक बटण होतं. तपासणाऱ्याच्या आवाजावरचा पडदा काढायचं. आग, भूकंप, असल्या वेळी वापरायचं. आजवर तिने त्या झाकणाला बोट लावलं नव्हतं. तिने झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

"दादा," ती म्हणाली.

शकिलाताईंच्या आधाराने दाराकडे निघालेला धूर जागच्या जागी थबकला.

"दादा, मी वृषी हाय."

"वृषी?" तिला त्याचा आवाज अजून सपाटच ऐकू येत होता, चेहरा धुराचाच होता. पण धूर वर, बाजूला, पंजाकडे वळताना दिसला. "मघाधरनं तुजा हात हुता व्हय?"

"व्हय."

"गार लागत हुता."

"पंजा गारच असतोय रे दादा." ती हसली की रडली, तिचं तिलाही कळलं नाही. "माझं ऐक. शकिलाताई गाडी बोलवतायत. तू तिच्यात बसायचं आणि मिरजेला जायचं. मी निघते आत्ता. तू पोचशील त्याच्यामागं दोन-तीन तासांत मी तिथं असेन."

"तू येतीस?"

"येते."

"मग जातो," बिरू म्हणाला.

पंजा अजून टेबलावर होता. त्याने हात पुढे केला आणि त्या रबरी बोटांवर ठेवला. पुण्यात वृषालीच्या हातमोज्यातले बारीक फुगे एका पाठोपाठ एक फुगले. त्याच्या तळव्याची घट्टे पडलेली कातडी तिला बोटाबोटाला लागली.

ती मिरजेच्या रुग्णालयात पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि बिरूला ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेर बाकावर सारिकावहिनी बसली होती आणि तिच्याशेजारी शकिलाताई. त्या गाडीतून त्याच्यासोबत आल्या होत्या, कुणी सांगितलेलं नसताना. वहिनीने वृषालीला बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"आल्या आल्या नळी घातली," शकिलाताईंनी सांगितलं. "सव्वा लिटर निघालं, मॅडम. नर्सनं दोनदा पिशवी बघितली."

सात वाजता सर्जनबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, टोपीखालून केस घामाने चिकटलेले. "अंगठ्याएवढा तुकडा निघाला गादीचा," त्या म्हणाल्या. "नसा दबल्या होत्या, पण रंग चांगला आहे. वेळेत आलात. उद्यापर्यंत थांबला असतात, तर हे मी म्हणू शकले नसते. आता किती परत येतं ते नसांवर आहे. आठ दिवसही लागतील, आठ महिनेही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषालीने भावाला तपासलं. उघड्या हातांनी. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आणि रुग्णाच्या कातडीत काही नव्हतं. त्याचं पाऊल गरम होतं, किंचित ओलं, टाचेला भेगा पडलेल्या. औषधाचा वास येत होता.

"अंगठा वर उचल. आता माझा हात दाब पायानं. अजून जोरात." हाताला दाब लागला. थोडासाच, पण कालच्यापेक्षा जास्त. दोन्ही पायांना.

तिने टाचणी काढली. त्याने डोळे मिटले.

"न्हाई कळत," बिरू म्हणाला. "न्हाई… न्हाई… हितं जरा. नुसतं बोट लावल्यावानी." थोडं थांबून, डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "मघाशी एकदा कळलं न्हाई, पर कळतंय म्हणावं वाटलं. सवय हाय."

"म्हाईत हाय मला," वृषाली म्हणाली.

आप्पांविषयी दोघं बोलली ती त्याच दुपारी. फार नाही. बिरू म्हणाला, "मी खोटं बोललो." वृषाली म्हणाली, "मी यायला पाहिजे होतं. पोटात पोर असली म्हणून गाडीत बसता येत नाही असं नव्हतं." त्यावर बिरूने मान हलवली. तिचं म्हणणं त्याने खोडून काढलं नाही, हेच तिला बरं वाटलं. गेली अकरा वर्षं नवरा, मैत्रिणी, सगळे तिला 'तुझी काही चूक नव्हती' असंच सांगत आले होते, आणि त्याने एकदाही तिचं ओझं हललं नव्हतं. आता ते दोघांत वाटलं गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकशी झाली. वृषाली रुग्णालयाच्या गच्चीवर फोन घेऊन बसली. समितीत तिघं होती. अध्यक्ष वासंती कर्वेकर नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या, स्वतः चाळीस वर्षं पाठी तपासलेल्या. त्यांच्या हातांत दूरस्पर्शचे हातमोजे होते.

"मी तुमची नोंद दोनदा अनुभवली," त्या म्हणाल्या. "बघितली नाही, अनुभवली. तुमचे हात माझ्या हातात घेऊन. नवव्या मिनिटाला त्या गाठीवर तुमचा हात चार सेकंद थांबतो. तेव्हा ओळख पटली?"

"हो."

"नियम माहीत होता?"

"होता. फलकावर एक तास पन्नास मिनिटं दिसत होती. हा माणूस तेवढा थांबणार नाही, असं मला वाटलं."

"हे तुम्ही तपासणारी म्हणून म्हणताय की बहीण म्हणून?"

वृषालीने विचार केला. "तेव्हा मला ते वेगळं करता आलं नाही. नियम बहुधा त्यासाठीच असावा."

बाईंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "एक सांगते. त्या गाठीनंतरची तुमची तपासणी मी बारकाईने पाहिली. हात कुठेही घाईत नाही, कुठेही हलका नाही. परक्या माणसाला केली असती तशीच, एका आकड्याने कमी-जास्त नाही. तरी नियम मोडला, आवाज उघडा केला, हे खरं. उद्या दुसरा कुणी ओळख काढून हात आखडता घेईल, तेव्हा आम्हाला त्याला बोलता आलं पाहिजे."

निकाल लगेच झाला. तीन महिने हातमोजे बंद. आणि एक शिफारस, ओळख पटली तर दुसरा तपासणारा पाच मिनिटांत मिळावा, त्यासाठी एक माणूस कायम मोकळा ठेवावा. वृषालीने "ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. वाईट वाटेल म्हणून ती थोडा वेळ बसून राहिली. तसं काही वाटेना. मग तिने घरी फोन लावला आणि मुलीला सांगितलं, सुट्टी लागली की बाबांबरोबर इकडे ये, तुझा मामा आहे इथे.

खाली वॉर्डात वेगळीच गडबड चालू होती. सकाळी दहाला बिरूची लघवीची नळी काढली होती. आता त्याचं त्याला व्हायला हवं होतं. दोनपर्यंत नाही झालं तर नळी परत घालायची, आणि मग ती किती दिवस, ते कुणी सांगू शकत नव्हतं. सारिकावहिनीने त्याला दोन तांबे पाणी पाजलं होतं, वर एक शहाळं. शकिलाताई सुट्टी काढून बघायला आल्या होत्या. शेजारच्या खाटेवरचे मांडीचं हाड मोडलेले गुरुजी दर दहा मिनिटांनी विचारत होते, "काय, पाव्हणं?"

"न्हाई," बिरू म्हणायचा. प्रत्येक 'न्हाई'बरोबर त्याचा चेहरा उतरत होता.

साडेबारा झाले. एक झाला. वहिनीने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. वृषालीने त्याच्या ओटीपोटावर हात ठेवून बघितला. मूत्राशयाचा काठ वर येत होता.

"भरल्यासारखं वाटतंय?" तिने विचारलं.

बिरूने विचार केला. खरंखुरं उत्तर शोधावं लागतंय असा. "वाटतंय," तो सावकाश म्हणाला. "वृषी, वाटतंय गं. चार दिसांत पैल्यांदा. जड लागतंय."

"ऊठ मग."

वॉकर धरून, एका बाजूला वृषाली आणि दुसऱ्या बाजूला वहिनी, असा तो मोरीपर्यंत गेला. दार अर्धवट लोटून तिघी बाहेर थांबल्या. शकिलाताईंनी हात आत घालून नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने मदत होते म्हणतात. नळ वाहत राहिला. बाकी काही ऐकू येईना. गुरुजी खाटेवर कोपरावर उठून बसले होते. नर्स औषधांची गाडी ढकलायची थांबली होती.

"नळ बंद करा," आतून बिरू म्हणाला. "मला माझं ऐकू यीना."

शकिलाताईंनी नळ बंद केला.

बराच वेळ काही नाही. मग एक थेंब. परत काही नाही. मग थांबत, अडखळत, आणि मग एकदम सलग, घागर ओतावी तसा आवाज भिंतीवरून घुमून बाहेर आला. वहिनीने तोंडाला पदर लावला. वृषाली भिंतीला टेकली आणि तिचे खांदे हलायला लागले. शकिलाताई "या अल्ला" म्हणता म्हणता खुदकन हसल्या, आणि मग कुणालाच आवरेना. गुरुजींनी टाळी वाजवली. नर्स हसता हसता घड्याळात बघून वेळ लिहून घेत होती.

"ए, हसू नका गं," बिरू आतून कळवळून ओरडला, "थांबंल!"